फुकटच्या सिंहाची किंमत

शिक्षकांच्या एका शिबिरात मी अन्नसाखळीवर बोलत होतो. बोलता बोलता आफ्रिकेतील सफारी-शिकारीचा विषय निघाला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेने विचारले, “सर, सिंह मारायला परवानगी दिली तर सिंह वाचतात, असं म्हणणारे लोक आहेत. मुलांनी विचारलं तर मी काय सांगू?” त्या दिवशी मी वेळ मारून नेली. दोन वाक्यांत सांगता येईल असे ते उत्तर नव्हते. ते देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आपल्याला सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल, कारण शिकारीचा आजचा वाद समजून घ्यायचा तर तिचा जमाखर्च पहिल्यापासून तपासला पाहिजे.

सफर आणि सफारी

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतला शब्द. त्याचे मूळ अरबी ‘सफर’. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आला. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. त्याचा शिकारीशी संबंध नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे हस्तिदंत आणि गुलाम यांच्यासाठी आतल्या मुलखात जात. सामान डोक्यावर वाहणारे शेकडो हमाल त्यांच्यासोबत असत. पुढे युरोपियन शिकाऱ्यांनी हीच व्यवस्था उचलली आणि शब्दाला नवा अर्थ चिकटला.

शिकाऱ्यांची वाट सोपी केली ती रेल्वेने. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांनी कसे रोखून धरले, ही कथा बहुतेकांनी वाचलेली असेल. त्या मुलखात १९२० पर्यंत चलनही हिंदुस्थानी धर्तीचा रुपयाच होता.

याच रेल्वेने १९०९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे नुकतेच निवृत्त झालेले अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आत गेले. बरोबर मुलगा कर्मिट आणि स्मिथसोनियन संस्थेचे निसर्गशास्त्रज्ञ होते. सामान वाहायला सुमारे अडीचशे हमाल. या मोहिमेत संग्रहालयासाठी ११ हजारांहून अधिक नमुने गोळा झाले. रूझवेल्टांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या यादीप्रमाणे बापलेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले, त्यांत १७ सिंह होते.

त्या काळी बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याला ५० पौंडांचा, म्हणजे ७५० रुपयांचा परवाना घ्यावा लागे. कोणता प्राणी किती मारता येईल, हे परवान्यावर ठरलेले असे. सिंह आणि बिबट्या यांची गणना मात्र उपद्रवी प्राण्यांत होती. त्यांना संख्येची मर्यादाच नव्हती. थोडक्यात, १९०९ साली सिंह फुकट होता. साधारण शंभर वर्षांनी, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिंहाच्या एका शिकार-सफारीची सरासरी किंमत देशागणिक २४ हजार ते ७१ हजार डॉलर असल्याचे आढळले. फुकटचा प्राणी इतका महाग कसा झाला? आणि इतका महाग होऊनही या व्यवसायाचे भवितव्य डळमळीत का?

प्राणी कोणाचा?

हस्तिदंताच्या व्यापाराने आणि बेसुमार शिकारीने प्राणी कमी होत आहेत, हे वसाहतींच्या सरकारांनाही दिसत होते. १९०० साली लंडनमध्ये आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी एक करार झाला. सह्या करणारी सगळी सरकारे युरोपियन होती. आफ्रिकेच्या रहिवाशांना कोणी विचारले नाही. पुरेशा मान्यतेअभावी हा करार अमलात आलाच नाही. पण त्यातल्या कल्पना, म्हणजे परवाने, राखीव क्षेत्रे आणि संरक्षित प्राण्यांच्या याद्या, वसाहतींच्या कायद्यांत उतरल्या.

या कायद्यांनी एक मोठा बदल घडवला. बंदूक आणि परवाना असलेला पाहुणा ‘शिकारी’ ठरला. धनुष्यबाण, फास आणि खड्डे वापरणारा स्थानिक माणूस ‘चोरटा शिकारी’ ठरला. त्सावोच्या परिसरातील वाटा लोक विषारी बाणांनी हत्ती मारण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार होते. १९४८ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५० च्या दशकातील मोहिमेत त्यांतले अनेक जण तुरुंगात गेले.

येथे जमाखर्चाची पहिली विसंगती दिसते. प्राणी सरकारचा, परवान्याचे शुल्क सरकारचे. पण हत्तीने मका तुडवला किंवा सिंहाने गाय नेली तर नुकसान गावकऱ्याचे. ज्याच्या शेजारी प्राणी राहतो त्याच्या पदरात फक्त खर्च पडत होता. पुढच्या साऱ्या इतिहासाची ही नाडी आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोटारी आल्या, हमालांचे तांडे संपले आणि सफारी ही श्रीमंतांची चैन बनली. १९२८ साली इंग्लंडचे युवराज येऊन गेले. १९३३-३४ मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे आले. त्यांच्या सफारीसाठी पत्नीच्या काकांनी २५ हजार डॉलर दिले होते. मंदीच्या त्या वर्षांत ही प्रचंड रक्कम होती. १९३४ मध्ये नैरोबीत व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. पिल्ले असलेली मादी मारू नये, जखमी प्राणी तसाच सोडून येऊ नये, असे संकेत या व्यवसायात मानले जात. पण पैसा शहरातून येई आणि शहरातच परत जाई.

बंदी आली, प्राणी वाचले का?

१९७३ साली टांझानियाने शिकारीवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये ती उठवली. केनियाने १९७७ च्या मे महिन्यात बंदी घातली, ती आजही कायम आहे. नैरोबीची शिकारी संघटना त्याच वर्षी बरखास्त झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दरवाजे बंद झाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. तेव्हा केनियाचा निर्णय आपल्याला ओळखीचा वाटतो.

परिणाम काय झाला? केनियाच्या कुरणप्रदेशांत विमानातून वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीच्या आधारे २०१६ साली जोसेफ ओगुटू आणि सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष मांडला. १९७७ ते २०१६ या काळात तेथील वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे बंदीच्या काळातच ही घट झाली.

यावरून ‘बंदीमुळे प्राणी संपले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. वर्गात आपण शिकवतोच, की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. या चाळीस वर्षांत केनियाची लोकसंख्या कितीतरी पट वाढली, शेळ्यामेंढ्या वाढल्या, कुंपणे आली, चोरटी शिकार चालू राहिली. दुसऱ्या बाजूने टांझानिया पाहा. तेथे शिकार कायदेशीर होती, तरी २००९ साली असलेले सुमारे १ लाख ९ हजार हत्ती २०१४ च्या गणनेत सुमारे ४३ हजारांवर आले. हस्तिदंतासाठी चोरट्यांनी ते मारले होते. म्हणजे बंदीने प्राणी आपोआप वाचले नाहीत, आणि परवान्यानेही वाचले नाहीत. निर्णायक गोष्ट दुसरीच असली पाहिजे.

दक्षिणेचा प्रयोग

ती गोष्ट कोणती, याचा अंदाज दक्षिण आफ्रिका खंडातील देशांच्या अनुभवावरून येतो. १९७५ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, एक कायदा झाला. जमीनमालकाला आपल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांचा उपयोग करण्याचा हक्क मिळाला. अनेक गोऱ्या शेतकऱ्यांनी गुरे कमी करून वन्यप्राणी पाळायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर, १९८९ पासून, हाच हक्क ‘कॅम्पफायर’ या कार्यक्रमाद्वारे सामूहिक जमिनींवरील आफ्रिकी गावांपर्यंत नेण्यात आला. १९८९ ते २००१ या काळात गावांना सुमारे दोन कोटी डॉलर मिळाले. त्यांतील ८९ टक्के रक्कम शिकारीतून आलेली होती.

आकडा मोठा वाटतो. पण तो हजारो कुटुंबांत वाटला की एका घराच्या वाट्याला वर्षाला अवघे काही डॉलर येत. शिवाय हक्क कायद्याने थेट गावाला न मिळता जिल्हा परिषदेकडे गेला, आणि बराचसा पैसा तेथेच मुरला.

नामिबियाने या चुकीवरून धडा घेतला असे म्हणता येईल. (२०२२ साली कुनोत आलेले पहिले आठ चित्ते याच देशातले.) १९९६ च्या कायद्याने तेथील गावसमूहांना सामुदायिक राखीव क्षेत्र नोंदवून त्यातील शिकार व पर्यटन यांचे उत्पन्न थेट घेण्याची मुभा मिळाली. आज अशी ८६ क्षेत्रे असून त्यांनी देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन व्यापली आहे. या क्षेत्रांच्या २०१६ मधील अभ्यासात एक उपयुक्त फरक दिसला. शिकारीचे उत्पन्न क्षेत्र स्थापन झाल्यापासून साधारण तीन वर्षांत सुरू होते, तर पर्यटनाला सुमारे सहा वर्षे लागतात. पर्यटनातून कायम नोकऱ्या मिळतात; शिकारीतून व्यवस्थापनाचा खर्च निघतो आणि गावाला मांस मिळते.

दक्षिण आफ्रिकेतील पांढऱ्या गेंड्याचे उदाहरणही नेहमी दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे गेंडे शंभरापेक्षा कमी उरले होते. कडक संरक्षणाने ते वाढले आणि १९६८ मध्ये, सुमारे १८०० असताना, मर्यादित शिकार सुरू झाली. खाजगी जमीनमालकांना गेंडा पाळणे परवडू लागले. पुढच्या चार दशकांत ही संख्या सुमारे दहापट झाली. त्यानंतर मात्र शिंगांसाठी चोरटी शिकार उसळली. एकट्या २०१४ साली त्या देशात १२१५ गेंडे मारले गेले.

सिंहाच्या नाकावरचा हिशेब

आता सिंहाकडे वळू या, कारण येथे जीवशास्त्र आणि किंमत यांचा थेट संबंध आहे.

एक नर मारला की कळपातून एकच प्राणी कमी होतो, असे वरवर वाटते. सिंहांच्या बाबतीत ते खरे नाही. नर मेला की बाहेरचे नर कळपाचा ताबा घेतात आणि लहान छाव्यांना मारून टाकतात. त्यामुळे माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नरांची पिल्ले जन्मतात. म्हणजे शिकाऱ्याची एक गोळी प्रत्यक्षात अनेक जीव घेऊ शकते. झिंबाब्वेच्या हवांगे राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यासात, खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाच्या हद्दीबाहेरील शिकार-क्षेत्रांत मारले गेल्याचे २००७ साली दिसून आले. बाहेरचा नर गेला की आतला नर त्या मोकळ्या जागेकडे सरके आणि तोही बंदुकीच्या टप्प्यात येई.

यावर काही उपाय आहे का? टांझानियातील सिंहांच्या दीर्घकालीन नोंदींवरून क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक संगणकीय प्रतिमान मांडले. निदान पाच-सहा वर्षे पूर्ण झालेले नरच मारले, तर कळपाच्या संख्येवर जवळजवळ परिणाम होत नाही. तोवर त्या नराची पहिली पिल्ले मोठी झालेली असतात. जंगलातल्या सिंहाचे वय ओळखायचे कसे? नाकावरून. लहान सिंहाचे नाक गुलाबी असते. वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढत जातात आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास निम्म्याहून अधिक नाक काळे होते. दुर्बिणीतून ते दिसू शकते. टांझानियाने पुढे किमान सहा वर्षांचा नियम केला.

पण नियम पाळला की मारण्याजोगे सिंह फार थोडे उरतात. पॅकर यांच्या गटाने २०११ साली टांझानियाच्या बहुतेक भागासाठी दर दोन हजार चौ. कि.मी. मागे वर्षाला एक सिंह, एवढीच मर्यादा सुचवली. रस्ते, तळ, वनरक्षकांचे पगार, सरकारला द्यायचे भाडे हा खर्च तर तेवढाच राहतो. तो पूर्वी चार-पाच गिऱ्हाइकांत वाटला जाई, आता एका-दोघांत वाटायचा. सफारीची किंमत चढत जाते याचे एक मोठे कारण हे आहे. विज्ञानाचे ऐकले की शिकार महागते. ऐकले नाही की सिंह संपतात.

गिऱ्हाईक कमी झाले

याच वेळी बाजारही आकसू लागला. परदेशी शिकारी कातडे, मुंडके किंवा शिंगे घरी नेता यावीत म्हणून पैसे मोजतो. त्यालाच ट्रॉफी म्हणतात. ती नेता येत नसेल तर बहुतेकांना सफारीत रस राहत नाही. २०१४ साली अमेरिकेने टांझानिया व झिंबाब्वे येथील हत्तींच्या ट्रॉफींची आयात थांबवली. २०१५ च्या जुलैमध्ये हवांगेच्या हद्दीबाहेर सेसिल हा तेरा वर्षांचा सिंह एका अमेरिकन शिकाऱ्याने मारला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसवलेला होता. जगभर संताप उसळला. अनेक विमान कंपन्यांनी ट्रॉफी वाहून नेणे बंद केले. फ्रान्सने त्याच वर्षी सिंहाच्या ट्रॉफींवर आयातबंदी घातली, २०२४ मध्ये बेल्जियमने अनेक प्रजातींसाठी तसा कायदा केला. ब्रिटनमध्ये २०२३ साली असे विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले. वरिष्ठ सभागृहात ते अडकले.

आफ्रिकेतून उलट सूरही निघाला. बोट्स्वानाने २०१४ मध्ये सरकारी व सामूहिक जमिनींवरील शिकार बंद केली होती. गावांचे उत्पन्न बुडाल्याच्या आणि हत्तींच्या उपद्रवाच्या तक्रारी वाढल्यावर २०१९ मध्ये ती बंदी उठवण्यात आली. त्या देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. जर्मनी आयातीचे नियम कडक करणार असे दिसताच, २०२४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे अध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवण्याची तयारी दाखवली. बोलण्यात उपरोध होता, पण प्रश्न खरा होता: हत्तींबरोबर राहण्याचा खर्च कोण सोसणार?

एक भागाकार

शेवटी एक साधा भागाकार करू या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील २३ देशांत शिकार-सफारी चालत होती. त्यासाठी राखलेली जमीन किमान १३ लाख ९४ हजार चौ. कि.मी., म्हणजे महाराष्ट्राच्या साडेचार पट आणि त्या भागातील राष्ट्रीय उद्यानांहून अधिक. वार्षिक उलाढाल २० कोटी १० लाख डॉलर. भागाकार केला तर दर चौ. कि.मी. मागे सुमारे १४४ डॉलर पडतात. यातून विमानतिकिटाव्यतिरिक्तचे बहुतेक खर्च आणि नफा निघायचा. संरक्षणाला उरेल ते याहून पुष्कळ कमी.

आता गरज पाहा. २०१८ च्या एका अभ्यासानुसार सिंह असलेल्या संरक्षित क्षेत्राचे नीट रक्षण करायला दर चौ. कि.मी. मागे वर्षाला एक ते दोन हजार डॉलर लागतात. प्रत्यक्षात मिळतात सुमारे २०० डॉलर. दोन अभ्यासांची वर्षे वेगळी असली तरी दरी इतकी रुंद आहे की निष्कर्ष बदलत नाही. शिकार कितीही महाग केली तरी तिच्या जोरावर एवढी जमीन राखता येणार नाही.

मग शिकार बंद करून पर्यटकांच्या कॅमेऱ्यावर विसंबावे का? केनियात मसाई मारा परिसरात पर्यटन-तळ मसाई जमीनमालकांना जमिनीचे नियमित भाडे देतात आणि ती व्यवस्था बरी चालते. पण पर्यटक मोकळ्या गवताळ मैदानांत जातात. त्सेत्से माशीने भरलेल्या, रस्ते नसलेल्या दाट झाडीत फारसे कोणी जात नाही, आणि शिकारीची पुष्कळशी जमीन तशीच आहे. २०२० च्या साथीत पर्यटन एका महिन्यात कसे कोसळते, हेही दिसले. शिकारी गेला आणि त्याच्या जागी पैसा देणारा दुसरा कोणी आला नाही, तर ती जमीन रिकामी राहणार नाही. तेथे गुरे येतील, कोळशाच्या भट्ट्या लागतील, मका पेरला जाईल. त्यात सिंहाला जागा नसेल.

म्हणून त्या शिक्षिकेला मी आज असे सांगेन: सिंह मारून सिंह वाचत नाहीत. सिंहाची जमीन राखली आणि त्या जमिनीवरच्या माणसाला तिचा मोबदला मिळाला, तरच ते वाचतात. काही ठिकाणी काही काळ हा मोबदला शिकारीने दिला. आता ती ताकद तिच्यात उरलेली दिसत नाही. शिकार नकोच, असे मानणाऱ्याला तसे मानण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र १४४ डॉलरचे ते तुटपुंजे खाते बंद करताना त्या जागी कोणते खाते उघडणार, हे त्याने सांगितले पाहिजे. ते न सांगता घातलेल्या बंदीचा खर्च, १९०० सालाप्रमाणेच, तिथला गावकरी आणि तिथला सिंह भरतील.

हा भागाकार सातवी-आठवीच्या मुलांनाही करता येतो. तो त्यांना फळ्यावर करू द्यावा, आणि उत्तर आल्यावर विचारावे: उरलेले पैसे कोणी द्यायचे?